हिरडीवरचा साचा

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" असं कुलूपकाका छातीठोकपणे सांगत. हयात कुलपं दुरुस्त करण्यात गेलेली. दार उघडं दिसलं की त्यांना चोर दिसे, बंद दिसलं की दोन चोर!

पण तोंडात दात एकही उरला नव्हता, आणि कवळी अशी नाचायची की घास गिळावा की कवळी, हेच कळेना. पक्के दात हवेतच! म्हणून काका दातांच्या डॉक्टर बाईंकडे गेले. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यांवर दात लावायचे, आणि स्क्रू नेमके कुठे, हे दाखवायला भोकं पाडलेला साचा करायचा.

"एरवी तो दातांवर अडकवतो," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे अडकवायला काहीच नाही. मग एक तर हिरडी उघडून हाडावर टेकवायचा, नाही तर हिरडीवरच ठेवून पिनांनी पक्का करायचा."

काकांनी डोळे बारीक केले. "यात तुमचा फायदा कशात?"

"अहो, फायदा तुमचा बघा! हिरडीवरचा घ्या, कापाकापी कमी. फक्त कवळी थोडे दिवस इथे ठेवा. तिच्यावरूनच साचा होतो."

अस्सं! म्हणजे चांगली कवळी ठेवून घेणार आणि भलतीच गळ्यात मारणार! काका गोड हसले. "उद्या आणतो हं."

दुसऱ्या दिवशी काकू आंघोळीला गेल्या आणि काकांनी वाटीतली काकूंची कवळी लांबवली!

काकूंनी घर पालथं घातलं.

"उंदरानं नेली असेल," काका म्हणाले.

"त्याला कशाला हवी? त्याला दात आहेत!"

दात बसवायच्या दिवशी तोंडावर रुमाल धरून काकूही सोबत गेल्या. बाईंनी काकांच्या तोंडात साचा ठेवला. तो होडीसारखा डोलायला लागला!

काकांनी तो काढून आपटला. "बघा! दुसऱ्याच कुणाचा! मला पहिल्यापासून संशय होता!"

"कवळी तुमच्या जबड्याच्या स्कॅनशी जुळत नाही म्हणून कॉम्प्युटरही ओरडत होता, आम्हाला वाटलं तोच बिघडला," बाई चक्रावल्या. "पण केलाय तो याच कवळीवरून!" आणि त्यांनी कवळी ट्रेमध्ये ठेवली.

काकूंचा रुमाल गळून पडला. "अहो! तो उंदीर तुम्ही होय!"

बाईंनी साचा धुऊन काकूंच्या हिरडीवर ठेवून पाहिला. डबीवर झाकण बसावं तसा बसला!

"यांचं आता पुन्हा पहिल्यापासून. काकू, आधी तुम्हालाच पक्के दात बसवायचे का? तुमचा स्कॅन करून घेऊ?"

"घ्या! यांना पक्के दात आले तर आणखी बोलतील."

काकू आत गेल्या, दार बंद झालं. काकूंची पर्स मांडीवर घेऊन काका बाहेरच्या बाकावर बसले. जरा वेळानं उठले, काउंटरवरच्या मुलीकडे वाकले आणि हळूच म्हणाले,

"ताई, आत गेलेलीच बाहेर येईल, याची काही पावती मिळते का हो?"