सिनेमा संपताना लागणारा चहा

त्याग हा कुटुंबसंस्थेचा पाया आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र पाया म्हटला की तो जमिनीखाली असतो, त्याच्यावर बाकीचे राहतात, आणि राहणाऱ्यांनी रोज खाली वाकून पायाची विचारपूस करायची नसते. शिवाय त्याग घरातल्या एकाच माणसाने केलेला बरा. दोघातिघांनी करायला घेतला की कोण काय सोडतंय याचा गोंधळ होतो आणि कामं खोळंबतात. आमच्या घराने हे तत्त्व एकोणीस वर्षांपूर्वी एकमताने मान्य केलं. (एक जण स्वयंपाकघरात होती.)

मी कार्यालयात परिपत्रकं लिहितो. अठरा वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेल्या एकाही परिपत्रकाचा अर्थ कुणाला दुसऱ्यांदा विचारावा लागलेला नाही, कारण पहिल्यांदाही कुणी विचारलेला नाही. तेव्हा यंदाच्या सुट्टीत घडलेल्या प्रकाराची नोंद करण्याचं काम ओघानेच माझ्याकडे आलं.

आमच्याकडे वर्षअखेरीच्या सुट्टीत, शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता, सगळं घर मिळून एक सिनेमा बघतं. दरवर्षी तोच. दादा त्यासाठी मोठ्या शहरातून येतो, आईची खुर्ची पुढे ओढली जाते, पडदे लावले जातात. सिनेमा जुना आणि थोर आहे. डोंगरातलं एक गाव, गावाच्या मधोमध मनोरा, मनोऱ्यावर घड्याळ. त्या घड्याळाला रोज किल्ली देणारा एक म्हातारा. त्याच्या मोठ्या मुलाला जहाजावर कप्तान व्हायचं असतं. बॅग भरून तयार असते आणि ऐन वेळी म्हातारा जातो. मुलगा बॅग खाली ठेवतो, किल्ली उचलतो. पुढे तो तीनदा बॅग भरतो आणि तीनदा रिकामी करतो: एकदा आईसाठी, एकदा धाकट्या भावासाठी, आणि एकदा कुणासाठी ते आम्हाला नक्की माहीत नाही. (त्या सुमाराला दरवर्षी दादाला फोन येतो.) धाकटा भाऊ कप्तान होतो आणि गणवेशात येऊन त्याला सलाम ठोकतो.

मग तीस वर्षांनी एका संध्याकाळी घड्याळ बंद पडतं, कारण किल्लीवाला तापाने फणफणलेला असतो. गावाला किती वाजले ते कळेना, तेव्हा गावाला तो आठवतो. सगळे कंदील घेऊन त्याच्या दारात जमतात, घंटा वाजवतात, गाणं म्हणतात आणि त्याला भेट देतात. भेट काय, तर नवी किल्ली. सोन्याचा मुलामा दिलेली. तो रडतो, गाव रडतं. शेवटी त्याची बॅग पलंगाखालून ओढून उघडतात आणि मांजरीची चार पिल्लं तिच्यात झोपवतात. इथे दादा चष्मा काढतो.

या विषयाचा मी वरवर विचार केला आहे असं कुणी समजू नये. सुट्टीत दाखवले जाणारे एकतीस सिनेमे पाहून मी एक तक्ता तयार केला आहे. त्यातले अठ्ठावीस असे, की महत्त्वाकांक्षा असलेला माणूस फोनवर बोलतच पडद्यावर येतो. (उरलेल्या तिन्हींत फोनचा शोध लागलेला नाही.) या माणसाला हसता येत नाही, चालताना इकडेतिकडे बघता येत नाही, आणि कुत्री त्याच्यावर भुंकतात. महत्त्वाकांक्षा हा आजार गावात आल्यावर सरासरी चार दिवसांत बरा होतो. बेकरीवालीशी ओळख झाल्यास अडीच. तो उलटल्याचं एकही उदाहरण नाही, कारण तोवर सिनेमा संपतो. त्यागाचं फळ एकतीसपैकी एकतीस सिनेमांत मिळतं. फळ म्हणजे गाणं. आणि त्याग केलेल्या माणसाला ‘बाबा रे, आता तरी जायचंय का?’ असं विचारणाऱ्यांची एकूण संख्या शून्य आहे. ती बरोबर असावी. असं विचारलं तर सिनेमा लांबतो.

आमच्या घरातला त्याग ताईकडे आहे. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला समुद्राचा तळ मोजायचा होता. म्हणजे बंदरातल्या नकाशा खात्यात काम करायचं, होडीतून जाऊन कुठे किती खोल आहे ते मोजायचं आणि जहाजांसाठी नकाशे काढायचे. एकोणीस वर्षांपूर्वी तिला तिथून पत्रही आलं होतं. पण त्याच महिन्यात बाबा गेले. आईचे गुडघे धरले. दादा नुकता नोकरीला लागला होता, माझी खात्याची परीक्षा होती, धाकटा पाचवीत होता. चौघांपैकी कुणाचं थांबवायचं यावर बरीच साधकबाधक चर्चा झाली. दादाची होती ती प्रगती, माझं ते भवितव्य, धाकट्याचं शिक्षण आणि ताईचं खूळ, असं वर्गीकरण झाल्यावर निर्णय आपोआप निघाला. आई म्हणाली, “तळ कशाला मोजायचा? पाणी दिसतंय ना वरून?” हा मुद्दा सर्वांनी ग्राह्य धरला.

ताई मग गावातल्याच मोजणी कार्यालयात लागली. तिथे ती लोकांच्या जमिनींच्या नकाशांच्या नकला काढते. आईच्या गोळ्या, धाकट्याचा अभ्यास आणि माझे डबे तिने सांभाळले. तिची बॅग माळ्यावर गेली. आम्ही तिचे उपकार विसरलो नाही. त्याच वर्षी दादाने हा सिनेमा आणला, तो तिच्या गौरवार्थच. दरवर्षी तो संपला की दादा म्हणतो, “आपल्या घरातही असं एक माणूस आहे.” आणि सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात.

दाराकडे बघण्याचं कारण सांगायला हवं. सिनेमाच्या शेवटी रडून घसा कोरडा पडतो, आणि त्याच क्षणी हातात गरम चहा हवा, असा आमचा शिरस्ता आहे. आधी केलेला चहा निवतो, नंतर केलेल्याचा उपयोग नाही. त्यामुळे पडद्यावर घड्याळ बंद पडलं, की ताईने उठायचं आणि आधण ठेवायचं. गाणं संपतं तेव्हा कप हातात येतात. एकोणीस वर्षांत एकदाही मागेपुढे झालं नाही. वहिनी उठू शकत नाही, कारण रडून तिचे डोळे सुजतात आणि अशा अवस्थेत गॅसजवळ जाणं धोक्याचं. आम्ही उठू शकत नाही, कारण आम्ही बघत असतो.

यंदा घोटाळा झाला तो धाकट्याच्या बायकोमुळे. लग्नाला पाचच महिने झालेत. मुलगी चांगली आहे, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला जाते, आणि तिथल्या सवयीने सगळं आधी तयार ठेवते. शिरस्ता तिला कुणी सांगितला नव्हता. तिने सिनेमा सुरू व्हायच्या आधीच चहा करून थर्मासमध्ये भरून ठेवला.

पडद्यावर घड्याळ बंद पडलं. ताई उठली.

“बसा ना, ताई,” धाकट्याची बायको म्हणाली. “चहा झालाय.”

ताई बसली. पण कशी, तर खुर्चीच्या कडेवर, गॅसवर दूध ठेवून आलेलं माणूस बसतं तशी. कंदील आले. घंटा वाजली. गाणं झालं. मुलामा दिलेली किल्ली निघाली. बॅग ओढली गेली, उघडली गेली, तिच्यात पिल्लं ठेवली गेली. दादाने चष्मा काढला. सिनेमा संपला.

“म्हणजे हा जात नाही?” ताईने विचारलं.

आम्हाला प्रश्न कळला नाही.

“मला वाटायचं, हा जातो,” ती म्हणाली. “आतून घंटा ऐकू यायची, माणसांचा गलका, गाणं, बॅग ओढल्याचा आवाज. मला वाटायचं, सगळं गाव त्याला निरोप द्यायला आलंय. दरवर्षी आधण उकळताना म्हणायचे, चला, सुटला बिचारा. आणि तुम्ही रडत असायचा. मला वाटायचं, तो गेला म्हणून रडता.”

वर्षानुवर्षं एका छताखाली राहून एका माणसाचा एवढा गैरसमज व्हावा, याचं मला आश्चर्य वाटलं. थोडी लाजही वाटली. (सुमारे दोन मिनिटं.)

दादाने समजूत घातली. “अगं, तो गेला असता तर घड्याळाचं काय झालं असतं?”

“दुसऱ्या कुणी किल्ली दिली असती. किल्लीच तर द्यायची होती.”

एवढं बोलून तिने एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. बंदरातल्या त्याच खात्याचं. नकला काढण्याचा दांडगा अनुभव असलेली माणसं त्यांना हवी होती आणि वयाची अट काढून टाकली होती. हजर होण्याची तारीख दुसऱ्याच दिवशीची, सोमवारची. “महिना झाला येऊन,” ती म्हणाली. “आज सिनेमा संपल्यावर सांगणार होते. म्हटलं, तो जातो तेव्हा तुमची मनं मऊ झालेली असतात.”

त्यावर झालेल्या चर्चेचा गोषवारा असा. दादाने ‘तळ काय पळून जातोय का?’ असा मुद्दा मांडला. ताईने ‘नाही, म्हणून तर एकोणीस वर्षं थांबले’ असं उत्तर दिलं. मी वयाकडे लक्ष वेधलं. पंचेचाळिसाव्या वर्षी होडीत चढताना पाय घसरू शकतो. धाकट्याने आधी सांगायला हवं होतं असं सांगितलं, पण आधी सांगितलं असतं तर काय केलं असतं, हे त्याला सांगता आलं नाही. वहिनीचे डोळे सुजलेले होते. आईच्या छातीत दुखू लागलं. (हे दुखणं जुनं असून ते प्रसंग पाहून येतं.)

ताई उठून आत गेली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. दादा दबक्या आवाजात म्हणालासुद्धा, “चहा टाकेल आता. राग आला की ती चहा टाकते.” पण ती बाहेर आली ती रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन. तिने आईच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, कागदावर लिहिला. आकडा चांगला आला. आईला त्याचं वाईट वाटलं.

“मला कोण बघणार?” आईने विचारलं.

“आई, तुला तीन मुलगे आहेत.”

आईने आम्हा तिघांकडे एकेक करून नीट बघितलं. मला वाटतं, त्यानंतर तिला खरंच दुखायला लागलं असावं.

मग ताईने गोळ्यांचा डबा, वेळांचा कागद आणि डॉक्टरांचा नंबर टेबलावर ओळीने मांडला. स्वयंपाकघराच्या दाराआडून बॅग ओढत आणली. ती माळ्यावरून कधी खाली आली, हे कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. आमच्याकडे वर कुणी बघत नाही. वाकून तिने आईच्या पायांना हात लावला. आईने पाय आत घेतले, मग पुन्हा बाहेर काढले. “पोचलीस की कळव,” एवढंच ती म्हणाली, आणि लगेच तोंड फिरवलं. साडेसहाची बस होती. बॅगेचं एक टोक धाकट्याच्या बायकोने धरलं आणि त्या दोघी जिना उतरल्या.

निरोप द्यायला आमच्यापैकी कुणी खाली गेलं नाही, असा आक्षेप काही शेजाऱ्यांनी घेतला आहे. वस्तुस्थिती अशी, की एवढ्या गडबडीत यंदा सिनेमाचा शेवट नीट झाला नव्हता. म्हणून दादाने तो मागे नेऊन पुन्हा लावला. कंदील आले, घंटा वाजली. त्याच वेळी जिन्यावरून बॅग पायरीपायरीने उतरल्याचा आवाज येत होता, त्यामुळे गाणं नीट ऐकू आलं नाही. आवाज थोडा वाढवावा लागला. पिल्लं दिसली तेव्हा आम्ही रडलो, पण पूर्वीसारखं नाही. घसा कोरडा पडला आणि हातात काहीच नव्हतं. थर्मासमध्ये चहा होता. तो कपांत ओतायचा कुणी, हे ठरेपर्यंत पाऊण तास गेला.

धाकट्याची बायको अंधार पडल्यावर परत आली. बस सुटेपर्यंत थांबले होते, ताई खिडकीतून हात करत होत्या, असं तिने न विचारता सांगितलं. त्यानंतर घरच्यांची बैठक झाली. पुढील वर्षापासून चहा वेळेवरच टाकावा आणि ते काम सवयीसाठी नव्या सुनेकडे द्यावं, असं ठरलं. निर्णय एकमताने झाला. (एक जण स्वयंपाकघरात होती.) तिच्याही पर्समध्ये कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र असल्याचं धाकटा बोलून गेला. घाबरण्याचं कारण नाही. सिनेमा आपल्याकडे आहे.

हे वाचून तुम्हाला आम्हा भावंडांची चीड आली असेल आणि ताईचं कौतुक वाटलं असेल. स्वाभाविक आहे. मलाही सिनेमात असंच वाटतं. आता एक करा. वाचताना तुमच्या हाताशी चहाचा कप असेल, तर तो तिथे कुणी आणून ठेवला आणि कधी, हे आठवून बघा. आठवत नसेल तर तुमच्याकडे सगळं सुरळीत चालू आहे. माळ्यावरची बॅग जागेवर आहे का, तेवढं मात्र बघून ठेवा. आत्ताच उठायला हवं असं नाही. चहा निवेल.