दुर्मुख सालच्या मेजवानीची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. प्रथम जठराग्नीस नमन, ज्याचे कृपेने राज्ये चालतात. मग जिव्हेस नमन, जिचे खोडीने ती मोडतात. शके सोळाशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर, पौष मासीचे वर्तमान ऐसे जे, एक राज्य होते. नाव सांगावयाची आज्ञा नाही. ते राज्यी गिरमाजीपंत म्हणोन मुदपाकखान्याचे कारभारी होते, सरकारी स्वयंपाकाचा सारा भार त्यांचे शिरी. घोडदळाचे सरदार सुभानराव आणि किल्ल्यांचे सरदार हैबतराव हे उभयता पंतांचे बाळमित्र; तिघे एका विहिरीत पोहलेले आणि एका ताटात जेवलेले. परंतु गतसालचे मेजवानीस तुपाची पहिली धार सुभानरावांचे पानी पडली, आणि हैबतराव भरल्या पानावरून उठोन गेले, आणि तेव्हापासोन बोलणे बंद जाहले, आणि मग घोडदळ किल्ल्यास पाठ करून आणि किल्ला घोडदळास पाठ करून उभा राहू लागला. चढाई कोठून करावी हे शत्रूसच कळेना. शिवाय त्याच मेजवानीत आग्रहाच्या जिलब्या खाऊन निम्मा दरबार आडवा जाहला होता. पंतांस जिलबीचे काही नव्हते, परंतु मित्र गेले याचे फार वाईट वाटे. एकाकडे जेवावे तर दुसरा रुसे, म्हणोन पंत वर्षभर कोणाकडेच जेवले नाहीत.

मग महाराजांनी बोलावून आज्ञा केली, "पंत, यंदा मेजवानीत कोणी आजारी पडता नये आणि कोणी रुसता नये. दोहोंतले एक जरी घडले तरी तुमची नेमणूक सरहद्दीच्या मिठागरावर."

त्यावर मसलत बसली. राजवैद्य कृष्णंभट बोलिले की आहार प्रकृतीप्रमाणे पाहिजे. मग रंगीत तालीम म्हणोन वाताची पंगत वेगळी, पित्ताची वेगळी आणि कफाची वेगळी मांडिली, आणि एकेकाची नाडी पाहून वाटीभर मुगाचे कढण आणि दुधीच्या फोडी दिधल्या, आणि आग्रहास सक्त मनाई केली. मोठी आरोग्यदायक पंगत जाहली. कोणी कोणाशी बोलले नाही, कारण शेजारी कोण बसावे ते नाडीने ठरविले होते. कफवाले बसल्या जागी घोरू लागले, वातवाले लवकर उठोन घरी पुऱ्या तळविते जाहले, आणि पित्तवाल्यांनी राजवैद्यांकडे ऐसे पाहिले की ते मागील दाराने निघोन गेले. प्रयोग यशस्वी, ऐसा अहवाल दरबारी दाखल जाहला.

पंत घरी आले ते चिडूनच, आणि आमटीस नाव ठेविले, तेव्हा कुटुंब बयाबाई यांनी बोलणे टाकिले. दुसरे दिवशी दोघे न बोलताच आपले मळ्यात गेले. ज्वारी हुरड्यास आली होती. खड्ड्यात गोवऱ्या पेटवून आगटी केली आणि कोवळी कणसे निखाऱ्यात भाजली. पंतांचे हात लेखणीचे, त्यांस कढत कणीस चोळवेना. मग बयाबाईंनी चोळले, फुंकर मारून कोंडा उडविला आणि मुकाट मूठ पुढे केली. पंतांनी तळवा पसरला, तो चटका बसोन नाचू लागले.

"अहो, सांडतंय सगळं! धरा नीट!" बयाबाई ओरडल्या, आणि आपण बोललो हे ध्यानी येऊन हसू लागल्या. पंत तटकन उठले.

"आता कुठं निघालात?"

"दरबारात!"

"आधी खाऊन तरी घ्या. कोण तुमचा दरबार पळवून नेतंय?"

पौर्णिमेस सारा दरबार सरकारी मळ्यात जमला. महाराजांनी पुसिले, "मानाचे पान कोणाचे?" पंत म्हणाले, "महाराज, पानच नाही." मग आगटीभोवती ज्यास जेथे धूर लागला नाही तेथे तो बसला, आणि वारा फिरोन सुभानराव व हैबतराव शेजारी आले. सुभानरावांस चोळता येई, हैबतरावांस येईना. ते भाला पेलणारे हात मांडीवर ठेवून उपाशी बसले. इतक्यात सुभानरावांनी फुंकर मारिली आणि सारा कोंडा हैबतरावांचे मिशीत गेला.

"फुंकर दुसरीकडं मारता येत नाही व्हय?"

"मिशा आवरून बसावं माणसानं."

पंतांस मिठागर दिसू लागले. मग हैबतरावांनी तळवा पसरला. "आण इकडं. अन् लसणाची चटणी तुझ्याकडंच का दडवलीस?"

त्यावर उभयता दिवस मावळेतो बोलत राहिले आणि पंतांस मध्ये ओढोन बसविले. दही, पेरू, गूळ सरला. कोणी आजारी पडले नाही. राजवैद्यांनी तर स्वतःची नाडी न पाहता खाल्ले. पंत धुराचे निमित्ताने डोळे पुसत होते.

परंतु दरबार तो दरबार. पुढले साली हुरडा सरकारी ठरला, आणि तो चोळावयास खिजमतगार नेमिले, आणि चांदीच्या वाट्या घडविल्या, आणि पहिली वाटी कोणास याची यादी लिहोन जाबता जाहला. पंत म्हणाले, "महाराज, चोळणारा हात तेवढा ज्याचा त्यास राहू द्यावा." कोणी ऐकिले नाही. मेजवानीचे दिवशी पाहतात तो दोन्ही सरदारांच्या जागा मोकळ्या. महाराजांची मर्जी खपा जाहली आणि पंतांस धाडिले की, दोघांस घेऊन या, नपेक्षा मिठागर आहेच.

पंत घोडा पिटाळीत सुभानरावांचे मळ्यात पोहोचले. तेथे दोघे एका आगटीशी बसोन चटणीवरून भांडत होते आणि हैबतरावांचे मिशीत कोंडा होता. पंतांनी महाराजांची आज्ञा सांगितली. दोघांनी ऐकून घेतली आणि दोहीकडे सरकोन मध्ये जागा केली.

"बस, गिरमाजी," सुभानराव म्हणाले. "हात पुढं कर, निवतंय."

पंतांनी घोडा बांधिला, आणि पागोटे काढून बाजूस ठेविले, आणि हात पुढे केला.

येणेप्रमाणे हकीकत. दरबारी वाट्या निवाल्या. गिरमाजीपंत पुढे मिठागरावर गेले, आणि दर पौषात दोघे सरदार वाट वाकडी करून त्यांजकडे हुरडा घेऊन जात. मीठ तेथलेच असे. जाणिजे.