आदी अर्थिंग, मंग चहा

माझ्या मोठ्या जाऊबाई कुणाच्याही घरी गेल्या, की बेल दाबायच्या आधी गेटचा सांधा चाचपतात. अंगठा फिरवतात, वाकून खालून बघतात, आणि यजमान दार उघडून हसत उभा असतानाच विचारतात, "हे कोनं केलं? झोपीत केलं काय?" यजमानाला वाटतं, आपला अपमान झाला. जाऊबाईंच्या मनात त्याच्याबद्दल काहीच नसतं. त्यांचा राग फक्त सांध्यावर असतो.

शकुंतला त्यांचं नाव, माहेर तेल्हाऱ्याचं. अकोल्यात आयटीआयच्या वेल्डिंगच्या वर्गाला शिकवून शिकवून त्या निवृत्त झाल्या. स्वतः शिकल्या तेव्हा सगळ्या वर्गात त्या एकट्याच मुलगी. लोक याबद्दल त्यांचं कौतुक करायला जातात आणि त्यांची तक्रार ऐकून परत येतात. "हातमोजे सारे पोट्ट्यायच्या मापाचे. माही बोटं आतमंदी हरवून जात."

चांदूर रेल्वेला नात्यातलं एक लग्न होतं. नवरानवरीसाठी फुलांनी मढवलेला लोखंडी झोपाळा आणला होता. जाऊबाईंनी झेंडूच्या माळा बाजूला सारल्या, कडीजवळचा सांधा पाहिला आणि सरळ झोपाळ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. "याच्यावर कोनी बसनार नाई." मंडपवाला चिडला. म्हणाला, बाई, आतापर्यंत शंभर जोड्या बसवल्या. जाऊबाई उठल्या आणि चपलेसकट एक लाथ त्यांनी त्या सांध्याला मारली. झोपाळा एका बाजूने खाली आला. "एकशे एकवी खाली आली असती," त्या म्हणाल्या आणि जेवायच्या पंगतीत जाऊन बसल्या. नवरानवरीचे फोटो साध्या सोफ्यावर निघाले.

सासूबाईंचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. त्याचं मूळ मंगळसूत्र. मशीनवर उभं राहायचं तर अंगावर धातू नको, हा जाऊबाईंचा नियम. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं काढून खुंटीला. लग्नानंतर सासूबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. "सौभाग्याचं लेनं खुंटीले टांगते! माह्या पोराचं काई बरंवाईट झालं म्हंजे?" तेव्हा नवी नवरी असलेल्या जाऊबाईंनी शांतपणे उत्तर दिलं होतं, "तुमच्या पोराचं आयुष्य त्याच्या तब्येतीत हाय, माय. माहं आयुष्य या हातमोज्यात हाय."

तेव्हापासून सासूबाई त्यांच्याशी थेट बोलत नाहीत. जाऊबाई समोर बसलेल्या असल्या तरी मला सांगतात, "मंदे, थ्या भट्टीवालीले म्हना, जेवून घे." जाऊबाईही मलाच सांगतात, "मायले म्हना, जेवली." मधल्या मधे मी ताक वाढत असते.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई आमच्या अमरावतीच्या घरी न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण हिंमत मोडली. पलंगापासून न्हाणीपर्यंत जायचं म्हटलं, की त्यांचे पाय कापायचे. हात धरू द्यायला मात्र तयार नाहीत. "मी काय नवरी हाय, हात धरून न्यायले?" एक-दोनदा पाणी पिणंच त्यांनी सोडलं, उठावं लागू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, भिंतीला धरायला दांडा लावा.

आमचे हे कृषी खात्यातून निवृत्त झालेले. हाताशी वेळ भरपूर आणि मोबाइलवर व्हिडिओही भरपूर. दांडा आपणच करायचा, असं त्यांनी ठरवलं. एक दिवस घरी खोकं आलं. रॉडचं वेल्डिंगही करते आणि टिगही, म्हणजे वायूच्या आडोशात नाजूक जोड देणारं वेल्डिंगही करते, असं दुहेरी मशीन. यांनी मशीनसोबत स्वतःचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे पाठवले. जाऊबाईंचं उत्तर आलं: "प्लग काढा. मी येऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या हजर. एका पिशवीत वेल्डिंगची दोन हेल्मेटं आणि चामड्याचे हातमोजे, दुसरीत एक पापडाचा डबा आणि साडी-चोळी. मी चहाला वळले, तर म्हणाल्या, "आदी अर्थिंग, मंग चहा."

हे त्यांचं जुनंच वाक्य. त्या ते संसारालाही लावतात. माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा पत्रिका बाजूला ठेवून त्यांनी विचारलं होतं, "पोराले राग आला तर तो कोठी उतरते? घरच्यायवर उतरत असन तर अर्थिंग नाई त्याले. नको." चौकशी केली, तर खरंच तसं निघालं.

त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याने दिवा लावून तपासलं, तर प्लगचं तिसरं भोक नुसतं शोभेचं! घर बांधल्यापासून आमची अर्थिंगची वायर बोर्डामागे मोकळी लोंबत होती. यांनी हळूच मशीनसाठी आणलेली गुंडाळीची एक्स्टेंशन वायर पायाने पलंगाखाली सरकवली. जाऊबाईंना दिसलीच. "गुंडायलेली वायर तापते भाऊजी. आतल्या आत शिजते. अन् पंख्याच्या प्लगवर वेल्डिंग म्हंजे शेळीवर नांगर." दुपारपर्यंत अंगणात अर्थिंगचा खड्डा झाला, त्यात कोळसा-मीठ पडलं, मशीनसाठी जाड वायरची वेगळी लाइन आली, वेगळा एमसीबी बसला. मग चहा झाला.

चहा पिता पिता शिकवणी सुरू. "मशीनले दोन अर्थ असतात, भाऊजी. एक मशीनच्या अंगाचा, थो तुमचा जीव वाचवते. दुसरा हा चिमटा, थो करंटले वापस घरी आनते. एकाचं काम दुसऱ्याले सांगू नका. अन् चिमटा लावा थेट कामाच्या तुकड्याले, रंग खरडून, अगदी जवय. खुर्चीले नाई, गेटले नाई."

यांनी वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली. "लिहू नका. हात लावा," त्या म्हणाल्या.

मग कपड्यांची तपासणी. हे चकचकीत ट्रॅकपँट घालून आले होते. जाऊबाईंनी दोन बोटांत ते कापड धरलं, मेलेली पाल धरावी तसं. "हे पेटत नाई, वितयते. अन् कातडीले धरून बसते. सुती घाला. पूरा हात झाका, गया झाका. या उजेडानं उन्हासारखी कातडी भाजते." हे आत गेले आणि सुती पायजमा, जाड पूर्ण बाहीचा सदरा, गळ्याशी रुमाल आणि मुलीच्या लग्नातले चामडी बूट घालून बाहेर आले. समोरच्या गुल्हाने काकूंनी विचारलं, "मंदाताई, साहेबायले पाहाले कोन येऊन राहिलं?"

तोवर गल्ली जमलीच होती. अंगणात गादी भरायला पिंजून आणलेल्या कापसाचं गाठोडं होतं. ते पाहून जाऊबाई माझ्यावरच ओरडल्या. "कापसाच्या मुलखात जलमली, तुले सांगा लागते काय?" गाठोडं आत गेलं, सुकलेला पाला झाडला, पाण्याची बादली आणि रेतीचं घमेलं आलं. टिगला लागणाऱ्या आर्गन वायूचं सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने उभं बांधायचं होतं. त्याआधी त्यांनी गजाचाच सांधा तपासला. बोलल्या काही नाहीत. मला फार बरं वाटलं.

"याचा व्हॉल्व्ह सासरचं दार उघडल्यावानी उघडायचा," त्या म्हणाल्या. "हयू. अन् बाजूले उभं राहून." मग साबणाचं पाणी लावून गळती पाहिली.

यांनी दांड्यासाठी जस्त चढवलेला पाइप आणला होता. तो परत गेला. "जस्ताचा धूर घेतला का रात्री थंडी वाजून ताप. स्टेनलेस आना." पाइप पुसायला गाडीचे ब्रेक धुवायचा फवारा आणला होता, त्याच्यावर तर त्या धावूनच गेल्या. "या फवाऱ्यावर टिगची ज्योत पडली तर इख तयार होते, इख! डबा गल्लीच्या बाहेर ठेवा." तोही गेला. बिचारे हे दिवसभर नुसत्या वस्तू परत करत होते, तरी चेहरा उजळत चालला होता. काहीतरी मोठं काम चाललं आहे, असं त्यांना वाटत होतं.

"पण वहिनी," त्यांनी विचारलं, "न्हाणीतच नेऊन जोडला तर मापात बसंन ना?"

जाऊबाईंनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. आवाज खाली आला. "ओल्या फरशीवर उभं राहून वेल्डिंग? शॉक मानूस पायत नाई, भाऊजी. अन् हा आर्गन. याले वास नाई, रंग नाई, खोकला येत नाई. बंद खोलीत हवेले बाहीर ढकलते, अन् मानूस उभ्याउभ्या खाली बसते. त्याले समजत बी नाई का आपन मरून राहिलो. इथं अंगनात जोडू. तिथं नुसते बोल्ट मारू."

यांनी टेप उचलली आणि माप घ्यायला न्हाणीत गेले.

पहिला धडा रॉडचा. पापडाच्या डब्यातून पापड नाही, रॉड निघाले. "रॉड अन् पापड, ओल लागली का बेकार." हेल्मेट घातल्याखेरीज बघायचं नाही, ज्यांच्याकडे हेल्मेट नाही त्यांनी तोंड फिरवायचं. ठिणगी पाडण्याआधी त्या गरजत, "डोये!" आणि सगळी गल्ली देवळात वळावी तशी भिंतीकडे वळे. यांचा रॉड पहिल्याच फटक्याला लोखंडाला चिकटला. हे ओढत राहिले.

"ओढू नका! मोडा बाजूले. नाई निघत? होल्डरचा चिमटा दाबून सोडून द्या त्याले. तुमचं थ्याच्याशी लगन नाई लागलं."

संध्याकाळपर्यंत यांची एक रेघ निघाली. वाकडी, फुगीर. वरचा कीट ठोकून काढताना त्यांनी यांच्या डोळ्यांवर पारदर्शक चष्मा चढवला, मग रेघेवर अंगठा फिरवला. "गोगलगाय चालली," त्या म्हणाल्या. "पन चालली." हे इतके खूश झाले की रात्री तो तुकडा उशाशी घेऊन झोपले.

दांडा मात्र जाऊबाईंनी स्वतः केला, दुसऱ्या दिवशी सकाळी, टिगने. मशीनच्या वायरी बदलल्या: "रॉडले प्लस, टिगले मायनस, इसरू नका." दारं सताड उघडी, पण पंखा बंद, कारण झोताने गॅस उडून सांधा काळा पडतो. टंगस्टनची सुई त्यांनी लांबीच्या दिशेने घासून टोकदार केली. आणि मग, एवढी बोलणारी बाई, गप्प झाली. एका हातात टॉर्च, म्हणजे ज्योतीची नळी, दुसऱ्यात बारीक तार. ठिणग्या नाहीत, आवाज नाही, नुसता एक निळा थेंब पाइपाभोवती सरकत होता. हेल्मेटच्या काचेतून मी पाहिलं. हात असा चालला होता, जसा झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून फिरतो.

गार झाल्यावर सांधा पाहिला, तर बारीक वेणी घातल्यासारखा. एकसारख्या कड्या, त्यावर फिकट सोनेरी झाक. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला बोट फिरवायला लावलं. फोटो काढून ग्रुपवर टाकला. "अख्ख्या नोकरीत असा निंगला नाई, मंदे. पाय, पाय. इकडून पाय." काम संपलं तरी त्या अंगणातून हलल्या नाहीत. कुठे काही तापून धुमसत नाही ना, हे बघत खूप वेळ तिथेच बसून राहिल्या. चहाही तिथेच मागवला.

दुपारी यांनी दांडा भिंतीला बोल्टने पक्का केला. जाऊबाई त्याला लोंबकळल्या, मग यांना लोंबकळायला लावलं. त्यांची अकोल्याची गाडी चारची होती. पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

सासूबाई उठल्या. दांडा धरला. एक पाऊल, मग दुसरं. आम्ही कुणी पुढे झालो नाही. न्हाणीच्या दारापर्यंत गेल्या, वळल्या, परत येऊन पलंगावर टेकल्या. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई मात्र हात पदरात घेऊन चोळत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चांगला हाय. पन थंड लागते वं, मंदे. बोटं आखडते."

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, आता सासूबाईंना सांगायला मला काहीतरी ठणठणीत निरोप मिळणार. त्यांनी पिशवी उघडली, आतलं सुती पातळ काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्या घरात नेसतात ते. दातांनी कड धरली आणि टर्रकन फाडलं. एकेक पट्टी काढून दांड्याला गुंडाळायला लागल्या. घट्ट, एकावर एक चढवत, हाताला सुरकुती लागू नये अशी. गाठी भिंतीकडच्या बाजूला घेत होत्या.

गुंडाळत गुंडाळत त्या वळणावरच्या सांध्याशी आल्या. मला राहवलं नाही. "बाई, सांधा झाकून चालला. तेवढा तरी उघडा राहू द्या."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "थो आतून धरून राहीन."

आणि तो सांधाही पट्टीखाली गेला.

शेवटची गाठ मारून त्यांनी डोळे मिटले आणि दांडा धरून पलंगापासून न्हाणीपर्यंत एकदा हळूहळू चालत गेल्या. परत आल्या त्या पलंगाच्या कडेलाच बसल्या. सासूबाईंचे गार पडलेले हात त्यांनी स्वतःच्या खरखरीत तळव्यांत घेतले आणि चोळू लागल्या. सासूबाईंनी हात ओढून घेतले नाहीत. तोंड खिडकीकडे केलं, एवढंच.

बाहेर ऊन कलत होतं. अकोल्याची गाडी केव्हाच निघून गेली असणार, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. उठलं कुणीच नाही.