बिनफोडणीचं घर

"सहा महिने! फक्त सहा महिने!" केतुलने स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं. "त्यानंतर डॉक्टरीणबाई आपल्याला ओळखणारसुद्धा नाहीत, बघच तू!"

सभा तशी लहान होती. श्रोत्यांत एकटी बायको, निमिषा, आणि तीही मेथी निवडत बसलेली. पण केतुलचा आवाज असा, की समोर अख्खं भावनगर मांडी ठोकून बसलंय! त्या सोमवारी त्याने शेंगतेलाचा डबा हद्दपार केला, साखर हद्दपार केली, मैद्याला तर नीट निरोपही दिला नाही. बेसनाच्या तळलेल्या गाठियांचा डबा मात्र त्याने दोनदा उचलून परत ठेवला. भावनगरचा माणूस एक वेळ जमिनीचा दावा सोडेल, गाठिया सोडणार नाही! केतुलने तेही सोडले. आता मोड आलेले मूग, वाफवलेला दुधी, बाजरीचा रोटला आणि ताक. विकतचं काही नाही, तळलेलं काही नाही, फोडणीसुद्धा नाही. "फोडणी म्हणजे मागच्या दाराने घरात शिरलेलं तेल!" असं एक वाक्य त्याने तयार ठेवलं होतं. ते त्याला इतकं आवडलं की त्याने ते दोनदा म्हटलं.

केतुलचं दुकान अलंगच्या रस्त्यावर. किनाऱ्यावर मोडीत निघालेल्या जहाजांवरची भांडी तो विकायचा. त्यातलंच वाफेवर शिजवायचं एक भांडं त्याने घरी आणलं. कधीकाळी तीस खलाशांचं जेवण त्यात व्हायचं. निमिषाने त्यात दोघांपुरता दुधी ठेवला, तर त्या चार फोडी जहाज बुडून समुद्रात पडलेल्या माणसांसारख्या दिसायला लागल्या.

"याचं झाकण उचलायला शेजारून कुणाला तरी बोलवावं लागेल," निमिषा म्हणाली.

"झाकण उचलणं हाही व्यायामच!"

ती हसली नाही. चार महिने ती हसलीच नव्हती.

ते का, हेही सांगून टाकलेलं बरं. चार महिन्यांपूर्वी तिला आठवा लागला होता. ओटी भरायला अख्खी गल्ली येऊन, जेवून, जिलब्यांवर आडवा हात मारून गेली होती. त्यानंतर अकराव्या दिवशी पोटातली हालचाल थांबली. पूर्ण भूल देऊन मुलगी काढली, ती श्वास न घेताच आली. निमिषा शुद्धीवर येईपर्यंत केतुल आणि त्याचा मोठा भाऊ मुलीला पुरून परतलेही होते. नर्सने कापड बाजूला केलं तेव्हा भावाने मान फिरवली होती. म्हणजे त्या मुलीला पाहिलेलं या जगात घरचं माणूस एकच, केतुल.

केतुलची आई, बा, महुव्याहून आली. थोरल्याकडे राहते ती. "जिने श्वास घेतला नाही तिचं सुतक नसतं," बाने सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या हाताने डाळीला मोहरी-हिंगाची खमंग फोडणी दिली. वास गल्लीभर गेला. त्या गल्लीत दवंडी पिटावी लागत नाही. घरात मरण झालं की तेरा दिवस कढई चढत नाही, फोडणी पडत नाही. फोडणी कडकडली की लोकांनी समजायचं, इथे आता रडायचं काही उरलं नाही. लोकांनी समजून घेतलं. शोकाला बसायला कोणी आलं नाही. विषय कोणी काढला नाही. शेजारच्या लाभुकाकी भेटल्या की हवेबद्दल बोलायच्या. चार महिन्यांत भावनगरच्या हवेत बोलण्यासारखं एवढं काय घडलं होतं, देव जाणे!

"कशी होती?" निमिषाने केतुलला एकदा विचारलं होतं.

"आधी तू बरी हो."

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो मूग किती तास भिजवावेत ते वाचत होता. "तुझी साखर उतरली पाहिजे," तो म्हणाला. "मग पुढचं बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात."

"म्हणजे माझ्या खाण्यानेच..."

"तसं त्या म्हणाल्याच नाहीत! आणि मी तर मुळीच नाही! म्हणून तर दोघांनी करायचं ना." आणि तो घाईघाईने मूग धुवायला उठला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. धुतलेले मूग तो परत धूत राहिला. भाषण करायला सांगा, केतुल तासभर करील. पण मुलगी कशी होती, तेवढं एक वाक्य त्याला सांगता येत नव्हतं.

तर, मूग सुरू झाले. सोबतीला पहाटेचं अनवाणी चालणं. दवावर अनवाणी चाललं की पचन सुधारतं, असं केतुलने कुठेतरी वाचलं होतं. दोघं उजाडताना मुकाट्याने बाहेर पडायची. त्याच्या अंगात पांढरा सदरा, पायांत काही नाही. परत आली की चिखलाचे पाय घेऊन घरात कसं शिरायचं, म्हणून दाराबाहेरच्या ओट्यावरच्या नळाखाली हातपाय धुवायची. केतुल तर सरळ दोन तांबे डोक्यावर ओतून घ्यायचा.

लाभुकाकी आपल्या खिडकीतून हे बघत होत्या. सहा दिवस भिंतीपलीकडून फोडणीचा वास नाही. सहा दिवस पहाटे दोघं अनवाणी बाहेर जातात, बोलत नाहीत, आणि घरात पाऊल टाकण्याआधी डोक्यावरून पाणी घेतात. काकींनी आयुष्यात एवढी मरणं पाहिली होती की त्यांना आणखी काही सांगायची गरज नव्हती!

उरलीसुरली शंका रविवारी सकाळी फिटली. बारा वर्षं दर रविवारी केतुल बटुकभाईंकडून अर्धा किलो गाठिया आणायचा. त्या दिवशी पाय सवयीने तिकडेच वळले. समोर कढई फसफसतेय, बटुकभाई हाताने पीठ मळतायत, आजूबाजूला दहा-बारा गिऱ्हाइकं.

"काय केतुलभाई, अर्धा किलो ना?"

आता या दहा-बारा जणांदेखत 'मी तब्येतीसाठी गाठिया सोडले' असं म्हणायचं? त्यापेक्षा लुगडं नेसून गावभर हिंडणं सोपं! केतुलने मान खाली घातली. "नको, बटुकभाई. सध्या... सध्या आमच्याकडे तळण नाही."

बटुकभाईंचा हात पिठातच थांबला. "कधीपासून?"

"सोमवारपासून."

"अरेरे! आणि तुम्ही कळवलंही नाहीत?"

"कळवायचं काय त्यात? दोघांपुरतंच आहे आमचं."

"असं कसं, असं कसं! फार जड जात असेल."

"सकाळच्या वेळी फार," केतुल अगदी मनापासून म्हणाला. कढईकडे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण मन घट्ट केलंय."

बटुकभाईंनी तेलकट हात जोडले. रांगेतल्या सगळ्यांनी जोडले. एकाने चपला काढल्या! कोण गेलं हे कोणीच विचारलं नाही. तिथे ते विचारायचं नसतं, जाऊन बसायचं असतं. बसल्यावर कळतंच! केतुल मात्र घरी येताना मनाशी म्हणाला, या गावात तब्येतीची एवढी कदर असेल असं वाटलं नव्हतं.

आणखी एक. रविवारी फोन बंद, हाही त्याच्या आरोग्याच्या नियमांतला एक नियम. आणि बटुकभाईंची सख्खी बहीण महुव्यात, बाच्या घरासमोर राहते. आता पुढचं मी सांगायला नको, पण सांगतो.

दुपारी चार वाजता कडी वाजली. केतुलने दार उघडलं, तर दारात लाभुकाकी, अंगावर पांढरी साडी. त्यांच्या मागे बटुकभाई, त्यांच्या मागे अख्खी गल्ली, सगळी पांढऱ्यात! केतुल काही बोलायच्या आत चौदा माणसं आत आली, चादर अंथरली गेली, पुरुष भिंतीला आणि बायका स्वयंपाकघराच्या बाजूला बसल्याही. एकाने पंखा हळू केला. केतुल मधोमध उभा, हातात मुगाची वाटी!

निमिषा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"वाईट झालं," बटुकभाई म्हणाले.

"फारच," दुसरे म्हणाले.

कोण गेलं ते अजून कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे बोलणं जपून चाललं होतं. लाभुकाकींनी पदर डोळ्यांना लावला. "जीव मोठा गोड होता," त्या म्हणाल्या. गेलेल्या कुठल्याही माणसाला ते चालून जातं.

"हो?" निमिषाने विचारलं. तिचा असा आवाज केतुलने चार महिन्यांत ऐकला नव्हता.

"वय झालं होतं म्हणा," भिंतीकडून कोणीतरी म्हणालं. काकींसोबत आलेल्या त्यांच्या बहिणीने डोळे वटारले. "नाही, म्हणजे जायचं वय नव्हतं!" त्याने लगेच सुधारलं.

"दुखणं फार काढलं नाही, एवढंच समाधान," बटुकभाई.

"एका दिवसात झालं सगळं," निमिषा म्हणाली. तिने तांब्या खाली ठेवला आणि बायकांमध्ये जाऊन बसली. "सकाळी हलत होती. दुपारी नाही."

केतुलने घसा खाकरला. सगळा घोटाळा त्याच्या लख्ख लक्षात आला होता. "अहो, ऐका, तुमचा काहीतरी..."

"चार महिने झाले," निमिषा काकींना सांगत होती. "मला वाटलं, तुम्ही कोणी येणारच नाही."

केतुलचं वाक्य तिथेच राहिलं. चौदा माणसं एकमेकांकडे बघायला लागली. चार महिने?

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात बा! महुव्याची बस, रिक्षा, आणि शेवटची अर्धी गल्ली धावत. समोर पांढरे कपडे बघून तिने छातीवर हात मारला. "कोण? कोण गेलं माझं?" तिने केतुलचा दंड दाबून पाहिला, गाल चाचपले. "तू आहेस ना? मग सूनबाई?... तीही आहे. फोन लागत नाही मेल्याचा! अरे, मग गेलं कोण?"

शोकाला आलेली चौदा माणसं, आणि एकालाही सांगता येईना की मेलं कोण!

"बा," निमिषा म्हणाली, "हे सगळे आपल्या मुलीसाठी आलेत."

बाच्या तोंडून सवयीने शब्द आले, "अगं, पण तिचं सुतक..."

"नसतं," लाभुकाकी म्हणाल्या. त्यांना आता सगळं कळलं होतं. निमिषाचा हात त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतला होता. "सुतक नसतं, ते आम्हालाही ठाऊक आहे. पण बसायला काय हरकत होती? तिच्यासाठीच आलोय आम्ही. उशीर झाला, एवढंच. तुम्हीही बसा."

"माझे गुडघे..."

"आमचेही दुखतात. बसा!"

बा बसली. बटुकभाईंनी जोडलेले हात पुन्हा जोडले, या वेळी कोणासाठी ते माहीत असून. मग निमिषाने केतुलकडे पाहिलं.

"तुम्ही पाहिलंत तिला," ती म्हणाली. "सांगा ना."

"आधी पाणी घे. मग..."

"पाणी नको. मूग नको. सांगा."

केतुलने वाटी खाली ठेवली. कुठे बसावं ते न सुचून तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"जड होती," तो म्हणाला. "मला वाटलं होतं हलकी असेल. हात भरून आले." त्याने दोन्ही हात पुढे धरून दाखवले. "केस होते. खूप. पुढचे सगळे उभे, चिडलेल्या बुलबुलासारखे. मी हाताने बसवले, तर परत उभे राहिले."

"माझ्यासारखे," निमिषा म्हणाली.

"तुझ्यासारखेच. डावी मूठ घट्ट मिटलेली, उजवी उघडी. कपाळावर आठी. म्हणजे अशी, की कोणीतरी झोपेतून उठवलंय आणि ते तिला मुळीच आवडलेलं नाही. आणि कान..."

"काय झालं कानांना?"

"बाचे होते."

सगळ्यांनी बाच्याकडे पाहिलं.

"हुबेहूब बाचे! रिक्षाचे आरसे असावेत तसे, दोन्ही बाजूंना बाहेर!"

"माझ्या कानांना काय झालंय रे?" बाने झटकन पदर कानांवरून ओढला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत होता. "तुझ्या बापाने या कानांवर भाळूनच लग्न केलं होतं!"

पहिली निमिषा हसली. रडता रडताच हसली, त्यामुळे आवाज शिंकेसारखा निघाला. मग लाभुकाकी हसल्या, बटुकभाई हसले, आणि ती चौदा पांढरी माणसं, नाकं पुसत, डोळे पुसत, पोट धरून हसायला लागली. बासुद्धा, पदर कानांवर घट्ट धरून!

नेमके त्याच वेळी वजुभाई आले. केतुलच्या दुकानाशेजारी ते जहाजांवरच्या गाद्या विकतात. बातमी कळताच दुकान बंद करून, पांढरे कपडे घालून आले होते. हात जोडून, मान खाली घालून ते दारात उभे राहिले, आणि आतून हसण्याचा गडगडाट ऐकून दचकले. एकदा आत पाहिलं, एकदा दारावरच्या क्रमांकाकडे पाहिलं.

"माफ करा हं," ते पुटपुटले, "घर चुकलं वाटतं." आणि शेजारच्या, लाभुकाकींच्या कुलूप लावलेल्या दारासमोर जाऊन ते हात जोडून उभे राहिले.

त्यांना हाक मारायला केतुल उठणारही होता. पण लेकीच्या नखांचं सांगायचं राहिलं होतं.