कवठ्यातली जर्मन दुपार

सुरजचं पत्र वाचताना सुषमाला दोनदा उठून ओसरीवर यावं लागलं. बाहेर तिचा पोरगा शंभू उपड्या घमेल्यावर पळी बडवत होता, आणि पत्रात नेमकं आवाजाबद्दलच लिहिलं होतं.

सुरज रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका जर्मन कारखान्यात फिटर होता. चार महिन्यांपूर्वी कंपनीनं त्याला दीड वर्षाच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला धाडलं होतं, पूर्वेकडच्या कुठल्याशा शहरात. बायको-पोराला न्यायची मुभा होती, फक्त घर मिळायला हवं होतं. ते आता मिळेलसं दिसत होतं. एका म्हाताऱ्या बाईंच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या.

"पण इथलं मला काही कळत नाही," सुरजनं लिहिलं होतं. "दोन्ही जर्मनी एक झाल्या तेव्हा इथले कारखाने बंद पडले. तरुण माणसं पश्चिमेला निघून गेली. निम्म्या घरांना कुलपं आहेत. तरी बाहेरचं बिऱ्हाड येणार म्हटलं की सभा बोलावतात. काहीजण हसून हात मिळवतात, काहींनी खांबांवर 'परक्यांनो, परत जा' अशी पोस्टरं लावली आहेत. आपल्या खालच्या मजल्यावरचा माणूस दोन्ही करतो. इमारतीची सभा पंचवीस तारखेच्या रविवारी आहे. पोरगं कसं आहे, हे विचारतील. तो शांत आहे म्हणून मी सांगून ठेवलंय."

खाली इमारतीचे नियम होते. दुपारी एक ते तीन कसलाही आवाज नको. रविवारी दिवसभर नको. रविवारी धुणं वाळत घालायचं नाही. स्वयंपाकाचा वास जिन्यात येता कामा नये.

सुषमानं पत्राची घडी केली आणि शंभूकडे पाहिलं. वय अडीच वर्षं, पण आवाज आजोबांचा. तात्याबांनी उभी हयात या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या मेंढरांना हाळी देण्यात काढली होती. आता घरात बागायत आली होती, मेंढरं वीसच उरली होती. आवाज मात्र अख्ख्या कळपाचा शिल्लक होता. शंभू पाणी मागायचा ते कवठ्याच्या वेशीपर्यंत ऐकू जायचं.

सुषमा शिरूरच्या कॉलेजातून मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. त्यामुळे तिला नुसती काळजी वाटत नसे, मुद्देसूद काळजी वाटत असे. सभेनं नाही म्हटलं, तर घर नाही. घर नाही, तर दीड वर्ष पुरं होईपर्यंत नवऱ्याचं तोंड नाही. आणि शंभूला तर बाप आत्ताच फोटोतला माणूस वाटायला लागला होता. सभेला तीन आठवडे होते. तेवढ्यात पोराला वळण लावायचं, असं तिनं ठरवलं.

कारण मात्र तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. सासू-सासऱ्यांना हे जाणं मुळातच पसंत नव्हतं. नातवाच्या आवाजावर तिकडे सभा बसणार हे कळलं असतं, तर "मंग ऱ्हाऊ द्या की हितंच," एवढं म्हणून तात्याबांनी विषय मिटवला असता.

पहिल्या रविवारी तिनं धुणं पिळून बादलीतच ठेवलं. म्हाळसानं, म्हणजे सासूनं, का म्हणून विचारलं, तर "राहू द्या आत्या, उद्या घालते," एवढंच म्हणाली. फोडणी बंद केली. वास जिन्यात गेला नसता, कारण घराला जिनाच नव्हता. पण सवय ती सवय. एक ते तीन ती शंभूला मांडीवर घेऊन बसायची आणि न ओरडता गेलेल्या दर पाव तासाला त्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. पोरगं हुशार निघालं. दुसऱ्या आठवड्यात ते कुजबुजायला लागलं.

अवघड होतं ते देवघर. रविवार खंडोबाचा. तात्याबा भंडारा उधळून "येळकोट येळकोट" म्हणायचे, तेव्हा चिंचेवरचे बगळे उडायचे. सुषमानं डोक्यावरचा पदर सारखा करत विनवलं, "मामा, आजपासून जरा हळू म्हणाल का?" आयुष्यात देवापुढे आवाज न उतरवलेल्या त्या माणसानं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर अशी काही कळा होती की त्यांनी कारण विचारलं नाही. बँकेतल्या साहेबाच्या कानाशी लागावं तसा त्यांनी देवाला येळकोट सांगितला आणि डोळे पुसत रानात निघून गेले. त्यांना एवढं लागेल असं सुषमाला वाटलं नव्हतं.

त्यातच रस्ता रुंद करणाऱ्या ठेकेदारानं केबल तोडली आणि शेजारच्या पोपटरावांचा फोन मुका झाला. सुरजचा दर रविवारचा फोन तिथंच यायचा. तीन रविवार तो आला नाही. सुषमा कुणापाशी काही बोलली नाही. नुसती कुंपणाशी जाऊन त्या बंद फोनच्या खिडकीकडे बघत उभी राहायची. पलीकडच्या घरातली साळूबाई चूल सोडून तिच्याकडे बघत उभी असायची.

पंचवीस तारीख उजाडली. दुपारी दीडच्या सुमाराला दारात साळूबाई आली. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ते तिनं चुलीपाशी ठेवलं. पिठलं-भाकरी होती.

"कशाला त्रास घेतलात, मावशी?" सुषमा हळू आवाजात म्हणाली.

"त्रास कसला, पोरी. येळ कुणावर सांगून येती व्हय?"

परदेशी निघालेल्या माणसाला गावात जेवायला बोलावतात, हे सुषमाला ठाऊक होतं. इथं जेवणच घरी आलं, ही साळूबाईची माया. ती गहिवरली. तिला गहिवरलेली पाहून साळूबाईनं तोंडाला पदर लावला.

पाठोपाठ वरच्या आळीच्या दोघी आल्या. त्यांच्याकडेही पिठलं-भाकरीच होती. मग माळावरच्या चौघी आल्या. पिठल्याची पाच पातेली झाली. सगळ्या जणी भिंतीला टेकून बसल्या आणि कुणी चकार शब्द काढेना. एक ते तीनची वेळ अशी काटेकोर पाळलेली सुषमानं आजवर पाहिली नव्हती. जर्मनीनं येऊन बघावं, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

मग एकीनं शंभूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता ह्येच्याकडं बघून दिस काढायचं, बाय."

"हो, मी तेच म्हणते," सुषमा म्हणाली. "पहिले काही महिने जड जातील."

"म्हयनं?" ती बाई साळूबाईकडे बघायला लागली. साळूबाईनं डोळ्यांनीच खुणावलं, की पोरगी अजून भानावर नाही.

निरोपाला आलेल्या बाया अशा पाय पोटाशी घेऊन बसत नाहीत. निरोपाला कुणी पिठलं आणत नाही, पुरणाचं आणतात. ओसरीवर पुरुषही जमले होते. तात्याबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं. हे सगळं कशाचं लक्षण आहे, हे तिला माहीत होतं. आपल्याच घरात ते का घडतंय, तेवढंच कळत नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि सुषमाची आई उतरली. रंगुबाई पार केडगावहून आली होती, अर्धवट नेसलेल्या लुगड्यात. उंबऱ्यातच तिनं लेकीला मिठी मारली आणि हंबरडा फोडला.

"आगं, एवढं झालं आन् तू मला कळवलं न्हाई!"

"काय झालं, आई?"

"पोरीकडं जाऊन या, जास्ती इचारू नका, असा निरोप आला. मला काय कळत न्हाई व्हय?"

म्हणजे सगळ्यांना कळलं होतं, फक्त तिलाच नव्हतं. तीन रविवार फोन नाही, तो केबलमुळे नव्हताच. सासऱ्यांनी डोळे पुसले होते ते येळकोटासाठी नव्हतं. ती भिंतीला धरून सासूकडे वळली. "आत्या, तुम्हाला कधी कळलं? माझ्यापासून का लपवलंत?"

म्हाळसानं कपाळावर हात मारला. "म्या लपवलं? आगं, तूच न्हाई का लपवलंस आमच्यापसून! तीन आठवडं झालं, पत्र आलं त्या दिसापसून तुझं तोंड उतरलेलं. म्हातारं मला म्हणलं, इचारू नगंस, आपल्या तोंडानं सांगंल तवा सांगंल. तवापसून एक घास गेला न्हाई माझ्या नरड्याखाली."

"काय सांगणार होते मी?"

"माझ्या सुरजचं."

"त्यांचं काय?"

हा प्रश्न दोघींनी एकमेकींना आणखी दोनदा विचारला आणि उत्तर कुणाकडेच निघेना. शेवटी दोघींनीही साळूबाईकडे पाहिलं. एवढ्या माणसांसमोर साळूबाईला तोंड उघडणं भाग पडलं. तिनं बोटं मोजत सांगितलं, की रविवारचं धुणं दोरीवर दिसत नव्हतं, कढईत फोडणी चरचरत नव्हती, पोरगं तोंडातल्या तोंडात बोलत होतं, तिकडचा फोन बंद होता. "आन् धनगराच्या घरात मल्हारीचा येळकोट दबक्या आवाजात," ती म्हणाली. "सुतक न्हाई तर दुसरं काय म्हणायचं, तूच सांग."

सुषमाला ओरडून सांगावंसं वाटलं, की हे सुतक नाही, हे जर्मनी आहे. पण मनात एक किडा वळवळतच होता, की फोन खरंच का आला नाही.

त्याच वेळी कुंपणापलीकडून पोपटराव कॉर्डलेस फोन डोक्याइतका उंच धरून येताना दिसले. कालच केबल जोडली होती. पोपटरावांनी गर्दी पाहिली, पागोटी काढलेली पाहिली, आणि फोन पुढे केला.

"सुरजचा हाय," ते म्हणाले.

मग घराला कंठ फुटला. रंगुबाई आता आनंदानं, पण आवाज तोच ठेवून रडायला लागली. म्हाळसा, फोन आधी मला द्या, म्हणून भांडायला लागली. ओसरीवर तात्याबांनी तीन आठवड्यांचा तुंबलेला येळकोट एकदम सोडला, त्यावर पुरुषांनी मल्हार म्हटलं, आणि वाड्यातली वीसच्या वीस मेंढरं ओरडायला लागली. साळूबाई ज्याला त्याला सांगत होती, की मला पहिल्यापसूनच वाटत हुतं त्यो धडधाकट असंल.

सुषमानं एक कान बोटानं दाबून दुसऱ्याला फोन लावला. आतून सुरज तुटक तुटक बोलत होता. सभा चालू आहे. सगळे बसलेत. पोराचं विचारतायत. नाही तर... पुढचं मेंढरांनी खाल्लं.

नाही तर काय? घर की नाही? तिनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा कानात फक्त येळकोट आला. तेव्हा तीन आठवडे कुजबुजत राहिलेल्या, शिकलेल्या, घाबरट सुषमानं डोळे मिटले आणि ती पोटातून ओरडली.

"गप बसाऽऽऽ!"

चिंचेवरचे बगळे उडाले. बाया गप झाल्या, पुरुष गप झाले, मेंढरंदेखील थांबली. फोनमध्येही सगळं शांत झालं. सुषमाच्या लक्षात आलं, की फोन अजून तिच्या तोंडाशीच आहे.

"सुषमा," फोनमधल्या तडतडाटातून सुरजचा आवाज आला.

"संपलं ना सगळं?" ती म्हणाली. "त्यांनी ऐकलं?"

"फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवलाय. सगळ्यांनी ऐकलं."

तिनं घाईघाईनं फोनवर पदर दाबला, मग परत कानाला लावला.

"मी सकाळपासून पोरगं शांत आहे, शांत आहे म्हणून सांगत होतो," सुरज म्हणाला, "तर ह्यांची तोंडं उतरत चाललेली. घरमालकीण आजीनं विचारलं, आजारी असतं का? मला काही उमजेना. मग कळलं, गल्लीतली बालवाडी बंद करायला निघालेत. पोरंच नाहीत. दोन पोरं कमी पडतायत. एक कुठूनतरी मिळालंय, दुसरा आपला शंभू हवाय. ह्या इमारतीत अकरा वर्षांत पोर रडलेलं नाही. सभा आपण नको म्हणून नव्हतीच, आपण नक्की येतोय का म्हणून होती."

"आणि ते नियम?"

"आहेत की. एक ते तीन आवाज नाही."

"मग?"

"तेच मला कळत नाही. पण आत्ता तो आवाज आला तसे सगळे टाळ्या वाजवायला लागले. पहिल्यांदा त्या खालच्या पोस्टरवाल्यानं वाजवल्या. त्याची नात त्याच बालवाडीत आहे."

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, काहीतरी विचारणारा. सुरज तिच्याशी दोन शब्द बोलला.

"काय विचारतायत?" सुषमानं धास्तावून विचारलं.

"हे बाळ होतं का, म्हणून विचारते."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी हो म्हणालो," सुरज म्हणाला. "आता आणताना तसलंच आण."