शिंगं दिसली की दोनशे फूट

आमच्या शेजारचे कॅप्टन इंगवले कुणाच्याही गच्चीवर गेले की कठड्यावरून वाकून आधी खाली म्हैस शोधत. कोल्हापुरात ती सापडतेच. मग निकाल लागे, "शिंगाची वळणं मोजता येत्यात. तीस फुटाच्या वर न्हाय!" घरमालक तीन मजल्यांचा अभिमान गिळे.

पूर्वी ते एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकवत. आता एका कचेरीत आवक-जावक बघत आणि जगावर चिडून असत. विमानातल्या उंचीच्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी शाळामास्तर, तरी मलाच शिकवत. "काटा मागनं सांगतोय, मास्तर. जमीन आधी सांगती. म्हैस मुंगीएवढी दिसली की हजार फूट. शिंगं दिसली की दोनशे. गवताचं पातं न् पातं येगळं झालं, की चाकं टेकाय आली."

माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी मांडववाल्याशी मांडवाच्या उंचीवरून असा वाद घातला की मुहूर्त टळला. त्यानंतर आमच्या नात्यात त्यांना कुणी बोलावलं नाही.

एका वर्षी मोठा पूर आला. पाऊस उघडल्यावर अख्खं गाव जातं तसे आम्हीही पंचगंगेवर पूर बघायला गेलो. मी, बायको आणि कॅप्टन. पुलावरून बघितलं तर उसाची शेतं बुडवून पाणी आरशासारखं थांबलं होतं.

बायको म्हणाली, "पाणी पुलाला लागायला अजून पाच फूट तरी असतील."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. "कॅप्टन आहेत की."

कॅप्टननी माझं मनगट धरलं. दुखेल इतकं घट्ट.

"असंच म्हणालतो मी. माझ्या बायकूला." ते पाण्याकडे बघत होते. "असाच पूर. तिला वरनं दाखवाय नेलतं. खाली म्हैस न्हाय, झाड न्हाय, बांधाची रेघ न्हाय. पाण्यात नुसतं आभाळ. मला वाटलं, दोनशे फूट हाय. ती म्हणाली, 'अवो, लई खाली आलोय. आपली सावली बघा की केवढी झाली!' मी म्हणालो, 'इमान तू चालवतीस का मी?' काट्याकडं बघितलं बी न्हाय. चाकं पाण्याला लागली."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. परत एकटेच आले होते, एवढं मला कळलं.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी माझा हात सोडला, माझ्याकडे पाठ केली आणि माझ्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"वैनी, किती फूट म्हणालासा?"

"पाच."

"मग पाचच," ते खाली न बघताच म्हणाले.