वकीलसाहेबांच्या पाइपाचा वास

आमच्या शेजारचे मुकुंदकाका तंबाखू ओढायचा जुना पाइप हातात आला की आधी डोळे मिटून त्याचा वास घेतात, आणि मग ज्यानं तो ओढला त्या अनोळखी माणसाची कुंडली मांडतात. "हा मानूस घाईचा होता. अर्धा ओढून ठुन देत जाय." एका पाइपावर दातांच्या खोल खुणा होत्या. तो पाहून म्हणाले, "याची बायको बोलकी असन. बिचारा दात खाऊन आयकत जाय." माणूस बहुधा कधीच वारलेला असतो, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी येत नाही.

स्वतः काकांनी उभ्या जन्मात विडीला हात लावलेला नाही. धुराचं त्यांना वावडं आहे. माझ्या देवघरातली उदबत्तीसुद्धा त्यांना खिडकीतून कळते आणि ते भिंतीवरून विचारतात, "मास्तर, काय जाळून राहिले जी?" अमरावतीच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळेत नोकरी केली, निवृत्त होऊन अकोल्याला आले, आणि परीक्षानळ्या सुटल्या म्हणून हे पाइप धरले. कबाड्याकडून, नाहीतर चिखलदऱ्याला कुणाचा जुना बंगला आवरला गेला की तिथून, ते एखादा काळाकुट्ट, तोंडाशी हिरवा पडलेला पाइप घेऊन येतात. कबाडी त्यांना वेडा समजतो आणि ते कबाड्याला. दोघंही खूश असतात.

मग काम सुरू होतं. पाइपाच्या वाटीत मीठ ठासून भरायचं, वरून स्पिरिट ओतायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही. मीठ आतला कीट ओढून घेतं आणि चहासारखं तपकिरी होतं. नळीत फिरवायच्या काड्या ते स्वतः वळतात, बारीक तारेवर कापूस गुंडाळून. "वऱ्हाडात राहून कापूस इकत कायले घ्याचा?" असं म्हणत त्यांनी माझ्या दोन उशा रिकाम्या केल्या आहेत. शेवटी मेण लावून घासणं. तयार पाइप माझ्या नाकाखाली धरून विचारतात, "येते काई वास?" मी तोंडावर खरं बोलणारा माणूस. "अजून थोडा येतो," म्हणतो. की पुन्हा मीठ. वास पार गेल्याशिवाय पाइप त्यांच्या काचेच्या कपाटात जात नाही.

गेल्या हिवाळ्यात दर्यापूरहून एक बाई आल्या. त्यांचे यजमान वकील होते, दोन वर्षांपूर्वी गेले. सुनेनं नवीन शोकेस केलं होतं, आणि त्यात सासऱ्यांचा पाइप ठेवायचा तर तो जरा दिसायला बरा हवा, असं तिचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "भाऊ, फक्त वरून पुसून द्या."

'फक्त वरून' हे शब्द काकांच्या कानात शिरतच नाहीत.

पुढच्या शनिवारी बाई न्यायला आल्या तेव्हा पाइप जांभळासारखा चकचकत होता. काकांनी तो ऐटीत पुढे केला. बाईंनी चमक पाहिलीच नाही. त्यांनी पाइप सरळ नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"वास नाई याले," त्या म्हणाल्या.

"कसा राहीन? तीन डाव मीठ भरलं," काका म्हणाले.

"मी रोज संध्याकाळी ड्रॉवर उघडून वास घेत होती जी. गुळावानी वास ये. वाटे, आताच कोर्टातून आले." बाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. "तुमी तर चांगलंच केलं, भाऊ. तुमची काय चूक?"

तीनपैकी तिसरा डाव माझ्या नाकामुळे झाला होता, म्हणून मी खाली पाहू लागलो.

काका म्हणाले, "ताई, मेन ओलं हाय अजून. आठ दिवसांनी न्या." मेण कधीचंच वाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका पानठेल्यावर गेले. पाइपाची तंबाखू तिथे कुठली? चघळायच्या खर्ऱ्याची मिळाली. ती भरून पेटवली, तर त्यांचा ठसका ऐकून दोन घरची माणसं पाणी घेऊन धावली. मग त्यांनी सिगारेटी फोडल्या, त्यातल्या तंबाखूत गूळ किसून कालवला, आणि मागच्या अंगणात पाटावर बसून सकाळ-दुपार ओढू लागले. डोळे लाल, नाक गळतंय. "मास्तर, येते का गुळावानी?" मी सांगितलं की पुरण करपल्यासारखा येतो. ते चिडून पुन्हा पेटवत. पहिल्या दिवशी मी पोटभर हसलो. चौथ्या दिवशी मात्र मला त्यांची काळजी वाटायला लागली. पुरे करा म्हटलं, तर म्हणाले, "वास म्या काढला, म्याच परत टाकीन."

ठरलेल्या दिवशी बाई आल्या. पाइप नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले. काका श्वास रोखून उभे होते, पण खोकला कुठे थांबतो. बाईंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. सुजलेले डोळे पाहिले, पिवळी पडलेली बोटं पाहिली, मागच्या दाराशी पडलेली गुळाची ढेप आणि किसणीही पाहिली.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच वास, भाऊ."

पाइप त्यांनी रुमालात गुंडाळला. दर्यापूरची जीप सुटेल म्हणून चहासुद्धा घेतला नाही. काका त्यांना फाटकापर्यंत सोडून आले आणि खुर्चीत बसले.

मी म्हटलं, "जमलं की, काका."

"कायचं जमलं? खोटं बोलली बाई."

मलाही तेच वाटत होतं.

"आमच्या हिले एकही पाइप आवडला नाई कधी," काका म्हणाले. "पन दरवेळी हातात घेऊन म्हने, हा मस्त झाला. मले समजे, मन राखून राहिली." त्यांना पुन्हा खोकला आला. तो ओसरेपर्यंत ते फाटकाकडे पाहत राहिले.

"ती गेल्याले बारा वर्षं झाले, मास्तर. तवापासून माह्यासाठी कोनी खोटं बोललं नव्हतं."